तारेचं भूत

मराठा क्रांतीचा पहिला मोर्चा 9 ऑगस्ट 2016 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत निघाला, तोही मूक. सरकारला ती कल्पना फारच भावली असावी. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आरक्षणासाठी आंदोलन करणाऱ्या मनोज जरांगेंनी मुंबईला धडकण्याची भाषा करताच छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीडमध्ये मोबाईलचं इंटरनेटच मुकं झालं.

हत्यार कोणतं? 1885 चा टेलिग्राफ कायदा! देशातली तार 2013 मध्येच वारली. तिचं भूत मात्र तेव्हाही इंटरनेटची मानगूट धरून होतं.

हेतू म्हणे अफवा रोखण्याचा. पण संभाजीनगरातल्या गुलमंडीच्या चहाटपरीवर अफवेला ना रेंज लागते, ना रिचार्ज. अडतं ते पैसे देताना. क्यूआर कोड भिंतीवरून नुसता टकामका बघतो आणि मालक उधारीची जुनी वही शोधू लागतो.