दार तेवढं उलटं बसलं

अंतराळस्थानकात अवघड काही असेल तर ते रॉकेट, अशी माझी ठाम समजूत होती. एकदा वर पोचलं की उरतं काय? एक मॉड्यूल फिरतंय, दुसरं न्यायचं, जोडून टाकायचं. कुठे जोडायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. जागा दिसेल तिथे! जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसात हा आत्मविश्वास आला कुठून, असं भाचीने नंतर विचारलं. उगम तिच्यापाशीच आहे. माझ्या लॅपटॉपवर ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ तिनेच घालून दिला.

मेक्सिकोतल्या मंडळींनी केलेला हा गेम 2015 साली पूर्ण स्वरूपात आला. त्यात बटबटीत डोळ्यांची, हिरवी, बुटकी माणसं रॉकेटं उडवतात. माणसं खोटी, पण कक्षेचं गणित बऱ्यापैकी खरं, आणि मेख तिथेच आहे. खोट्या गणिताशी माझं जमलं असतं.

गाभ्याच्या मॉड्यूलला मी एकच डॉकिंग पोर्ट, म्हणजे दुसरं यान जोडायचं दार, ठेवणार होतो. भाची म्हणाली, “मामा, ‘मीर’ स्थानकाच्या गाभ्याला सहा दारं होती. 1986 साली!”

“रशियनांकडे पाहुणे फार येत असतील,” मी म्हटलं. पण तिचं मन मोडवेना. गाभ्याच्या टोकाला सहा तोंडांचा एक जोड बसवला. एक तोंड गाभ्यात गेलं, उरलेल्या पाचांना दारं लावली. एका क्लिकवर चारी बाजूंना सारखी वस्तू बसवायची सोय गेममध्ये आहे. मी ती वापरली नाही. हातच्या कामाची सर यंत्राला नाही, हे माझं जुनं मत.

पहिली प्रयोगशाळा मी थेट कुशीच्या दाराला नेऊन भिडवली. ती जोडली गेली, आणि अख्खं स्थानक सावकाश गिरक्या घ्यायला लागलं. धक्का वस्तुमानाच्या मध्यातून गेला तर स्थानक नुसतं किंचित सरकतं. तोच मध्यापासून दूर, कुशीला बसला तर ते फिरतं. म्हणून तर ‘मीर’वर नवं मॉड्यूल आधी समोरच्या दाराला लावत आणि मग एका छोट्या यांत्रिक हाताने कुशीकडे वळवत. चिन्यांनीही 2022 मध्ये त्यांच्या तियानगोंग स्थानकाच्या दोन्ही प्रयोगशाळा तशाच आधी समोर लावून मग बाजूला नेल्या. एवढा खटाटोप ते हौसेने करत असतील, असं मला वाटलं होतं.

एका कुशीत वजन चढवलं की दुसऱ्या कुशीतही तेवढंच लागतं, नाहीतर मध्यच एकीकडे सरकतो आणि सरळ जायला दाबलेलं इंजिन स्थानकाला वळवतं. मी त्या दुसऱ्या कुशीत प्रयोगशाळेऐवजी मोठं सोलर पॅनेल लावलं, कारण ते तिथे शोभत होतं. हे पॅनेल सूर्याकडे तोंड ठेवून आपोआप फिरत राहतं. इंधनाची टाकी घेऊन पुढचं यान आलं तेव्हा पॅनेल फिरत फिरत नेमकं वाटेत आलं. तुकडे पडद्यावरून शांतपणे निघून गेले.

खऱ्या जगात हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 25 जून 1997 ला मालवाहू ‘प्रोग्रेस’ यान ‘मीर’च्या स्पेक्त्र मॉड्यूलवर आदळलं, पॅनेल मोडलं, भिंतीला भोक पडलं आणि हवा जायला लागली. मॉड्यूल बंद करायचं तर दारातून ओढलेल्या केबली आधी काढाव्या लागल्या. हे वाचल्यापासून मी दारात वायर टाकत नाही. घरातसुद्धा.

कोणतं दार कुणाला, हे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकालाही सुटलेलं नाही, हा माझा मोठाच दिलासा. मे 2024 मध्ये ‘स्टारलायनर’ यानासाठी तिथल्या हार्मनी मॉड्यूलचं समोरचं दार मोकळं करायचं होतं आणि तिथे ‘ड्रॅगन’ यान उभं. मग ‘ड्रॅगन’चे चौघेही अंतराळवीर त्यात जाऊन बसले आणि यान काढून वरच्या दाराला लावलं. आमच्या सोसायटीत वॉचमन “पांढरी गाडी कुणाची, काढा!” म्हणून ओरडतो तोच प्रकार, फक्त सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने. हार्मनीच्या याच वरच्या दाराला जून 2025 मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्लांचं यान लागलं.

आता मुख्य प्रकरण. शेवटच्या रिकाम्या दाराशी मी यान आणत होतो, सेकंदाला वीतभर वेगाने. चुंबकाने ओढून घ्यायला हवं होतं. यान दाराला हलकेच टेकलं आणि तसंच परत निघालं. पुन्हा टेकवलं, पुन्हा परत. 1987 च्या एप्रिलमध्ये ‘क्वांत’ मॉड्यूल ‘मीर’ला असंच घट्ट बसेना. रोमानेंको आणि लावेयकिन बाहेर जाऊन बघतात तर मध्ये एक पिशवी अडकलेली! माझ्याही दारात पिशवीच असणार, या आशेने मी जेबेडाया नावाच्या माझ्या हिरव्या वैमानिकाला बाहेर पाठवलं. कॅमेरा जवळ नेला. पिशवी नव्हती. दाराचं कडं आतल्या बाजूला होतं आणि बाहेर होती त्याची सपाट पाठ. हातच्या कामात मी ते उलटं बसवलं होतं.

इस्रोने ‘स्पेडेक्स’ मोहिमेतली दोन यानं एकमेकांपासून 3 मीटरपर्यंत आणून पुन्हा मागे नेली, आणि 16 जानेवारी 2025 ला जोडली. घाई केली नाही. केली असती तर माझ्याकडे बघून त्यांना बरं वाटलं असतं.

तर सद्यःस्थिती अशी. वर तिघे जण आहेत, इंधन संपलंय, चार दारं भरलेली, पाचवं उलटं. “प्रयोगशाळा सोडून दे, एक दार मोकळं होईल,” भाची म्हणते. मन होत नाही, धड बसलेली तेवढीच आहे. गेममध्ये इंजिनिअर बाहेर जाऊन दार उपटून सुलटं बसवू शकतो. पण घरटी एक इंजिनिअर असलेल्या महाराष्ट्रात राहून मी वर तिघेही वैमानिक पाठवले, कारण ते रुबाबदार दिसत होते. दुसरं यान जवळ उभं करून इंजिनिअरने तरंगत यावं, असा भाचीचा सल्ला आहे. उरलेल्या पॅनेलना धक्का न लावता मला यान उभं करता येतं का, हे तिने विचारलेलं नाही. ज्यांना येतं त्यांनी कृपया लवकर यावं, आणि इंजिनिअर आपला आपण आणावा.