तुला होकार दिला कुणी?

ब्राउझर पळवणाऱ्या भामट्यास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला तो लिहीत नाही. तुझं नाव-गाव कुणाला ठाऊक नाही, कारण ते लपवण्यावरच तुझा धंदा चालतो. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. तू वाच किंवा वाचू नकोस, तुझ्या तावडीत सापडलेल्यांनी वाचलं तरी काम झालं.

तुझी करामत परवा पुन्हा पाहिली, एका तालुक्याच्या गावी, टंकलेखनाच्या क्लासमध्ये. जीसीसी-टीबीसीची, म्हणजे संगणक-टंकलेखनाची सरकारी परीक्षा तोंडावर आलेली. एका मुलीने घरच्या लॅपटॉपवर सराव करायचा म्हणून मराठी फॉन्ट शोधला होता आणि आता तोच लॅपटॉप घेऊन ती रडकुंडीला आली होती. ज्या पानावरून तिने फॉन्ट घेतला ते मी उघडून पाहिलं. 'डाउनलोड' लिहिलेली चार-पाच बटणं. सगळ्यात मोठं, हिरवं, मधोमध बसवलेलं बटण तुझं. खरा दुवा तळाशी, बारीक करड्या अक्षरांत. तिने हिरवं दाबलं. कुणीही तेच दाबलं असतं. मग आली इन्स्टॉलची खिडकी. 'एक्स्प्रेस, शिफारस केलेलं' हे ठळक, आणि शेजारचं 'कस्टम' इतकं फिकट की ते दाबता येतं हेच कळू नये. त्या फिकट शब्दामागे तीन चौकोन होते आणि तिन्हींत बरोबरची खूण आधीच केलेली: टूलबार बसवा, होमपेज बदला, शोधाचं इंजिन बदला. ते चौकोन तिच्या नजरेला पडलेच नाहीत. यालाच तू वापरकर्त्याची संमती म्हणतोस.

माझं तुझ्याशी भांडण या संमतीवरून आहे. व्हायरस सोडणारा निदान आपण चोर आहोत हे जाणून असतो. तू मात्र कागदोपत्री साव राहतोस. 'आम्ही विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं' हे तुझं एकमेव उत्तर, आणि ते खोटं आहे. भाजीवाल्याने न विचारता पिशवीत सडके टोमॅटो टाकावेत आणि नंतर म्हणावं, पिशवी तर तुम्हीच उघडी धरली होती, तसा तुझा युक्तिवाद.

त्या लॅपटॉपवर पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे, तरी वाचकांसाठी सांगतो. ती परीक्षा घेणाऱ्या परिषदेचं संकेतस्थळ शोधलं की आधी कधी नाव न ऐकलेल्या शोधपानावर जायचं, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. क्लिक केलं की मागे एक टॅब आपोआप उघडायचा, त्यात रमी. आणि एके रात्री सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला, 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. पोरीने घाबरून लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत हात लावला नाही. फोन केला नाही, हे तिचं शहाणपण.

हे सगळं कशासाठी, तर पैशांसाठी, आणि तेही दर माणसामागे थोड्याशा पैशांसाठी. तू लोकांचा शोध आधी आपल्या पानावरून वळवून मग खऱ्या शोधयंत्राकडे पाठवतोस आणि मधल्या मध्ये दलाली खातोस. प्रत्येक इन्स्टॉलमागे कुणीतरी तुला वेगळे पैसे मोजतो. दाखवलेल्या जाहिरातीचे वेगळे, दाबल्या गेलेल्या जाहिरातीचे वेगळे. एका घरातून मिळणारी रक्कम क्षुल्लक असते, म्हणून तुला लाखो घरं लागतात, आणि म्हणूनच तू कुणालाच सोडत नाहीस.

तुझं घराणं जुनं आहे. अमेरिकेत झँगो नावाची कंपनी होती, आधीचं नाव वनएटीसोल्यूशन्स. तिच्यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २००६ साली तिने ३० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. कमिशनचा आरोप असा होता की तिचं सॉफ्टवेअर सात कोटींहून जास्त वेळा लोकांच्या संगणकांत उतरलं आणि त्याने सहाशे कोटींहून जास्त पॉप-अप दाखवले. तिचीही सबब हीच होती, लोकांनी हो म्हटलं होतं.

त्याहून लाजिरवाणं प्रकरण सुपरफिशचं. लेनोव्होने २०१४ च्या अखेरीस विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये हे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसवून आलं. नवा कोरा डबा फोडला तरी तू आत बसलेलाच. लोक पाहत असलेल्या पानांत आपल्या जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने बँकेच्या पानांसकट सगळ्या सुरक्षित जोडण्यांच्या मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र उभं केलं, आणि ते सगळ्या यंत्रांवर एकच होतं. त्याच्या गुप्त किल्लीचा पासवर्ड होता 'कोमोडिया', म्हणजे ज्या कंपनीकडून हे तंत्र घेतलं तिचंच नाव. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा-तज्ज्ञाने तो काही तासांत शोधून काढला. म्हणजे कॅफेतल्या वायफायवर शेजारी बसलेला कुणीही लबाड माणूस त्या लॅपटॉपवाल्याचे बँकेचे व्यवहार चोरून वाचू शकला असता. चार जाहिरातींसाठी हा धोका पत्करला गेला, आणि ज्यांच्यावर तो लादला त्यांना विचारलंसुद्धा गेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी झालेल्या तडजोडीत लेनोव्होला ३५ लाख डॉलर मोजावे लागले.

आपल्या देशाचं नावही तुझ्या वहीत आहे. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने बीजिंगच्या राफोटेक कंपनीचं 'फायरबॉल' हे सॉफ्टवेअर उघडकीला आणलं. जगभरात २५ कोटी संगणक, त्यात भारतातले अडीच कोटी, असा चेक पॉइंटचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं. आकडा कमी धरला तरी काम तेच: होमपेज आणि शोधयंत्र बदलणं, आणि फुकटच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून आत येणं.

मला सगळ्यात जास्त चीड मात्र एक्स्टेंशनच्या खरेदीची येते. एखादा प्रामाणिक माणूस ब्राउझरसाठी छोटंसं उपयोगी एक्स्टेंशन बनवतो, हजारो लोक विश्वासाने ते बसवतात, आणि तू येऊन ते विकत घेतोस. २०१४ साली एका भारतीय ब्लॉगरने आपलं असंच एक्स्टेंशन चार आकडी डॉलरना विकल्याचं स्वतः लिहिलं होतं. तीस हजारांवर लोक ते वापरत होते. नव्या मालकाने एका अपडेटमध्ये त्यात जाहिराती घातल्या. अपडेट आपोआप होतं, कुणाला काही विचारलं जात नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांहून जास्त लोकांचं एक्स्टेंशन २०२० मध्ये असंच हस्तांतरित झालं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड आहे म्हणून गूगलला ते बंद करावं लागलं. इथे तू नुसता संगणकात शिरला नाहीस. दुसऱ्याने कमावलेला विश्वास तू विकत घेतलास आणि जाळलास.

फोनवर तर तुला इन्स्टॉलही करावं लागत नाही. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अनुमती द्या दाबा' एवढी एक पाटी पुरते. खऱ्या तपासणीत नोटिफिकेशनची परवानगी कधीच मागत नाहीत. पण सत्तरीच्या आजोबांना हे कुणी सांगितलेलं असतं? ते 'अनुमती द्या' दाबतात आणि त्यानंतर रात्री-अपरात्री त्यांच्या फोनवर 'तुमचा फोन हॅक झाला', 'तुमचं पार्सल अडकलं' असे इशारे येत राहतात. ते खरे वाटतात, कारण ते मुलीच्या मेसेजच्या शेजारीच दिसतात. या वयाच्या माणसांना मध्यरात्री घाबरवून दोन पैसे मिळवणाऱ्याबद्दल माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

आता तुला हाकलायचं कसं ते इथेच लिहितो, सगळ्यांदेखत. भोंगा वाजवणारं पान आलं तर त्यातलं काहीही दाबायचं नाही, दिलेल्या नंबरवर फोन तर नाहीच. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करायचा आणि पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' याला नाही म्हणायचं. मग इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावायची. ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवशी तीन-चार अनोळखी नावं एकत्र आलेली दिसतात, ती काढून टाकायची. ब्राउझरमधली एक्स्टेंशन्स एकेक तपासायची आणि जे कशासाठी आहे हे सांगता येत नाही ते ठेवायचं नाही. मग सेटिंग रीसेट.

एवढं करून तू जातोस असं बहुतेकांना वाटतं, आणि इथेच ते फसतात. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. 'टार्गेट'च्या चौकटीत ब्राउझरच्या नावानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो या भामट्याचा उद्योग, खोडून टाका. टास्क शेड्युलरमध्येही हा आपली नेमणूक करून ठेवतो, दर तासाला किंवा दर सुरुवातीला जागं होण्यासाठी. घरच्या संगणकावर, जिथे कुठल्याच कचेरीचा संबंध नाही, तिथे ब्राउझरच्या मेनूत 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' अशा अर्थाची ओळ दिसली, तर बहुतेक वेळा याने रजिस्ट्रीत धोरणं लिहून ठेवलेली असतात आणि म्हणूनच एक्स्टेंशनचं 'काढा' बटण चालत नाही. अशा वेळी मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडवक्लीनर कामाला येतं, ते फुकट आहे. पण ते शोधताना सगळ्यात वर दिसणारी जाहिरात दाबू नका, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन घ्या. कारण साफसफाईच्या नावाने परत हाच येतो. आणि ब्राउझरचं सिंक तोवर बंद ठेवा, नाहीतर इथून काढलेलं एक्स्टेंशन दुसऱ्या संगणकावरून परत उतरतं. त्या मुलीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच घडत होतं. भावाच्या संगणकावर तिचंच खातं उघडं होतं.

अँड्रॉइड फोनवर पूर्ण पडदाभर जाहिराती येत असतील तर सेफ मोडमध्ये सुरू करून अलीकडे घेतलेली अ‍ॅप काढा, आणि 'इतर अ‍ॅपवर दाखवा' ही परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. बॅटरी वाचवणारी, फोन साफ करणारी, टॉर्चची अ‍ॅप आधी तपासा. गूगलने फेब्रुवारी २०२० मध्ये अशा त्रासदायक जाहिरातींसाठी सुमारे ६०० अ‍ॅप एका झटक्यात प्ले स्टोअरवरून काढली होती, म्हणजे प्ले स्टोअरवर आहे एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि 'फ्लॅश प्लेअर अपडेट करा' असं सांगणारं पान आलं तर ते खोटं आहे. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० लाच बंद झालं.

टाळायचं असेल तर फॉन्ट असो की पीडीएफचं साधन, मूळ बनवणाऱ्याकडूनच घ्या, इन्स्टॉल करताना नेहमी 'कस्टम' निवडा, आणि विंडोज सिक्युरिटीमध्ये नको असलेली अ‍ॅप अडवण्याची सोय चालू करा.

आणि तुला एक आठवण. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात असला कचरा सोडण्याबद्दलही आहे. लबाडीने केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे १३ प्रकार अधिसूचित केले. व्हायरसची खोटी भीती घालून खोटं औषध विकणं हा त्यातला एक प्रकार आहे, आणि जाहिरात दुसऱ्याच कशाच्या तरी वेषात दाखवणं हा आणखी एक. तेव्हा तुझं हिरवं बटण आणि तुझा भोंगा दोन्ही सरकारी यादीत आहेत. कमी पडतो तो तुझ्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस, कारण फसलेला माणूस स्वतःलाच दोष देत गप्प बसतो.

म्हणून शेवटचं बोलणं वाचकांशी. घरात कुणी असल्या नंबरवर फोन केला असेल, कुणाला संगणकाचा ताबा दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात. आणि त्या माणसाला रागावू नका. आपल्याला रागावतील या भीतीने तो गप्प बसला, तर ते काही तासही जातात.