आठ महिन्यांचा ओटा

स्वयंपाकघर घराबाहेर काढायला हल्ली नकाशा लागतो, याचं कळंबच्या म्हाताऱ्या माणसांना मोठं नवल वाटतं. नालासोपाऱ्याहून निर्मळ ओलांडून समुद्राकडे निघालं की वाड्यांमधून अजून काही जुनी घरं दिसतात. अशा घरांच्या मागच्या दारी एक चूल असायचीच. तिच्यावर आंघोळीचं पाणी तापे, मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या भाजल्या जात, आणि सुके बोंबील घरात भाजायची तर कुणाची छातीच नव्हती. मग गॅस आला, त्याच्यामागे ओटा आला, फरशा आल्या, शेवटी चिमणी आली. दोन पिढ्या खपून माणसांनी स्वयंपाक आत घेतला. आता तिसरी पिढी तोच बाहेर न्यायला कर्ज काढायच्या बेतात आहे.

आमच्या मामेभावाने हे मनावर घेतलं ते निवृत्त झाल्यावर. निवृत्त माणसाने एकतर प्रवास करावा किंवा बांधकाम काढावं. प्रवासातून तो परत तरी येतो. शिकागोजवळ राहणाऱ्या त्याच्या मुलाने उत्साहाने एक आराखडा पाठवला. चारही ऋतूंत चालेल असं स्वयंपाकघर. त्यात पाया ४२ इंच खोल दाखवला होता. तिकडे हे बरोबरच आहे. हिवाळ्यात जमीन गोठते, मातीतल्या पाण्याचा बर्फ होताना ते नऊएक टक्के फुगतं आणि वरचं बांधकाम उचलून धरतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. आमच्या मिस्त्रींनी तो आकडा दोनदा वाचून घेतला, वाडीतल्या वाळूकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, साडेतीन फूट खणलं तर ओटा नाही होणार. विहीर होईल."

आराखड्यात छपरावर पडणाऱ्या बर्फाचा भारही धरला होता. तो मात्र मिस्त्रींनी कमी केला नाही. "बर्फ नाही, पण नारळ आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना माना वर करायला लावल्या. निवडलेल्या जागेवर दोन माड वाकून उभे होते. मंगलोरी कौलाची कीर्ती मोठी आहे. बाझल मिशनने मंगळूरला १८६५ साली कारखाना काढला आणि ते कौल सगळ्या किनाऱ्यावर चढलं. पण तीस-चाळीस फुटांवरून सोलायच्या आधीचा नारळ आला तर त्याच्यापुढे या कीर्तीचं काही चालत नाही. जागा पंधरा पावलं सरकली.

सरकली ती नेमकी कुठे, यावर वास्तुशास्त्र जाणणारे एक गृहस्थ बोलावले गेले. अग्नी आग्नेयेला, हे त्यांनी चहा यायच्या आधीच सांगितलं. मला ही गोष्ट हसण्यावारी न्यायची होती, पण कळंबच्या वाऱ्याचं गणित मांडलं तर गृहस्थ बरेचसे बरोबर निघतात. समुद्र पश्चिमेला. दिवसा जमीन तापते, दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून आत येतो, आणि घराच्या आग्नेयेला पेटवलेल्या चुलीचा धूर घरापासून लांब जातो. थंडीतल्या पहाटे उलट होतं. जमीन आधी निवते, वारा समुद्राकडे निघतो आणि दक्षिणेकडच्या खोलीत झोपलेला पाहुणा खोकत उठतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, तेव्हा धूर ईशान्येच्या शेजाऱ्यांकडे. म्हणजे शास्त्राचं आणि वाऱ्याचं जेवढं बिनसतं ते एक तर पहाटे, नाहीतर शेजाऱ्यांच्या हद्दीत. एवढ्यावर बरेच संसार चालतात.

ऋतू चार असं पोराने म्हटलं होतं ते एका परीने इथेही खरंच आहे. पावसाळा, मग ऑक्टोबरचा उकाडा, मग थंडीचे ते थोडे आठवडे ज्यात लोक स्वेटर गरजेपेक्षा कौतुकाने घालतात, आणि उन्हाळा. पण हे चौघे समान हिश्शाचे भाऊ नव्हेत. हवामान खात्याने २०२० साली नव्याने ठरवलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परत फिरतो, आणि कळंब मुंबईहून फार लांब नाही. हे जवळजवळ चार महिने बाकीच्या आठांना हुकूम सोडतात. छप्पर कितीही पुढे काढा, पाऊस वरून पडेल ही अपेक्षाच चुकीची. तो समुद्राकडून आडवा येतो, ओट्यावर बसतो, पिठाच्या डब्यात डोकावतो आणि चुलीतल्या राखेचा चिखल करून जातो.

पावसाचं निदान दिसतं तरी. खाऱ्या हवेचं काम बिनआवाजाचं. स्टीलचं कपाट विकणाऱ्याने मामेभावाला सांगितलं की स्टेनलेस गंजतच नाही. खरं म्हणजे ते कोणत्या जातीचं, यावर सगळं आहे. घरोघरच्या भांड्यांत सर्रास वापरतात ते ३०४. समुद्राकाठी घ्यावं ते ३१६, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि किंमतही त्याच्या नावासारखीच जड असते. मीठ हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी ओढून ओलं होतं. मिठाची बरणी पावसाळ्यात रडते ती म्हणूनच, आणि बिजागरीवर बसलेला समुद्राचा तुषारही तेच करतो. यातला एक भाग मला फार आवडला. उघड्यावर पडलेल्या लोखंडावरचं मीठ पाऊस धुऊन तरी नेतो. आपण छपराखाली मायेने जपून ठेवलेलं लोखंड मात्र तसंच खारट राहतं आणि आधी खाऊन जातं. लाडावलेल्या वस्तूंनी अधूनमधून गोड्या पाण्याने आंघोळ करावी, हा त्याच्यावरचा इलाज.

ओट्यासाठी कडाप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड. आंबट त्याला सोसत नाही. चिंच, कोकम, लिंबू यांच्याशिवाय कालवण न होणाऱ्या किनाऱ्यावर त्याला बसवणं म्हणजे त्याचा छळ. ग्रॅनाइट ठरला. गॅसचा सिलिंडर बंद कपाटात ठेवू नये, ठेवलाच तर कपाटाला तळाशी जाळी हवी, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो, एवढंही ठरलं.

या सगळ्या चर्चेत मामी बोलली नव्हती. ती पायरीवर बसून वाल सोलत होती. बाहेरच्या चुलीवर तिने अर्धं आयुष्य काढलेलं, तेव्हा तिला आनंद होईल अशी मामेभावाची समजूत. तिने आराखड्याचा कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"भांडी कुठे घासायची रे?"

आराखड्यात निखाऱ्यांची शेगडी होती, बाटल्या थंड करायचा फ्रीज होता, बसायला उंच स्टुलं होती, दिव्यांची माळ होती. मोरी नव्हती. हात धुण्याएवढं एक भांडं कोपऱ्यात काढलं होतं, त्यात आमची खेकड्यांची कढई आडवीही मावली नसती. मामीचे पुढचे प्रश्न मग एकामागून एक आले. मांजर कुठवर उडी मारू शकतं ते कुणी मोजलं आहे का? मासे साफ केले की कावळे येणार, ते पाणी कुणाच्या आळ्यात जाणार? मीठ संपलं तर घरातून आणायला कोण उठणार? या शेवटच्या प्रश्नावर मामेभाऊ माडाकडे पाहू लागला.

बाहेरचा स्वयंपाक हा पुरुषांचा छंद झाला आहे खरा. आगाशीचं भुजिंग घ्या. कोंबडीचे तुकडे निखाऱ्यावर भाजायचे आणि मसाला, बटाटा, पोहे यांच्यात परतायचे, हा इथला अभिमानाचा पदार्थ. ते आपण वाडीतच करू, या बेतातूनच हे बांधकाम निघालं. आमच्यातला प्रत्येक पुरुष निखारे फुंकायला तयार असतो. कोंबडी धुणं, मसाला वाटणं, पोहे चाळणं आणि दुसऱ्या दिवशी जाळी घासणं ही कामं मात्र आपोआप होतात असा सार्वत्रिक समज आहे. पूर्वी बायका चूल बाहेर ठेवत ती धूर, उष्णता आणि वास घरात नको म्हणून. त्यात कुणाला गंमत वाटत नव्हती, म्हणूनच ती सोयीची होती. पाणी हाताशी, जळण आडोशाला, वैलावर भाताचं भांडं सरकवून ठेवलेलं. जळणात सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या; वाडीने टाकलेलं चूल खाई आणि चुलीची राख पुन्हा भांड्यांना.

आराखडा मग मामीच्या हिशेबाने आखला गेला. आधी मोरी, बसून घासता येईल एवढी, आणि तिचं पाणी केळीच्या आळ्यात. फ्रीज गेला, "घरात आहे, चार पावलं चाल," असा निकाल लागला. स्टीलची कपाटं गेली, जांभ्या दगडाची दोन फडताळं आली. पश्चिमेला आणि दक्षिणेला छातीएवढी जांभ्याची भिंत. लोखंडी शेगडी उचलून नेता येईल अशी, कारण आगोटीला ती, सिलिंडर आणि स्टुलं घरात जाणार. चार महिने तिथे फक्त चूल राहील आणि तीही पावसाला वाटलं तरच पेटेल. चारही ऋतूंचा हट्ट सोडला तेव्हा खर्च निम्म्यावर आला, हे ऐकून शिकागोचा इंजिनियर फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "आजी, भिंतीच्या वरचा भाग उघडाच ठेवणार?"

तिथे झाप लागणार. झावळ्या उभ्या चिरायच्या, पाण्यात भिजत घालायच्या आणि विणायच्या. जूनमध्ये बांधायचे, दसरा झाला की सोडायचे, जुने झाले की चुलीत. मामेभावाने हार्डवेअरच्या दुकानातून हिरवी जाळी आणली होती, तिची मामीने मिरच्या वाळवायला तात्पुरती नेमणूक केली आहे. झाप विणणारं माणूस शोधलं, मिळालं नाही, तेव्हा मामी स्वतः बसली. आम्ही दोघे तिला झावळ्या पुरवतो आणि वाकडी चिरलेली हाती दिली की बोलणी खातो. मिस्त्री एकदा येऊन काम पाहून गेले. ओट्याच्या कडांचं प्लास्टर राहिलं आहे, पण ते म्हणाले, आधी तुमचे झाप होऊ द्या. पावसाच्या आत त्यांना अजून तीन घरांची कौलं चाळायची आहेत.