पाटीची जलसमाधी
अमेरिकेतल्या टाहो सरोवराचं पाणी इतकं नितळ, की आपण फेकलेला बिअरचा डबा बुडताना बराच वेळ न्याहाळता येतो. २०२१-२२मध्ये स्वयंसेवक पाणबुड्यांनी त्याच्या ७२ मैलांच्या काठाला पाण्याखालून प्रदक्षिणा घातली आणि ११ टनांहून अधिक कचरा वर काढला. डबे, टायर, चक्क दिव्याचे खांब, हिऱ्याची अंगठी (ती कचऱ्यात धरायची का, हे ज्याच्या त्याच्या संसारावर!) आणि ‘कचरा टाकू नका’ अशा पाट्याही. पाट्यांची कर्तव्यनिष्ठा बघा, थेट घटनास्थळी हजर! हे सगळं काठालगतच्या २५ फूट खोलीपर्यंतचं. सरोवराची कमाल खोली १,६०० फुटांच्या वर आहे. पर्यटकांनी जागेची चिंता करू नये.