टिकाऊ मामा

काशीतल्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या मराठी वस्तीत वेदपाठी झाले, शास्त्री झाले. पण खरेदीशास्त्रात मामांचा हात धरणारा कोणी झाला नाही. या जातीच्या माणसाला वस्तू हवी असते, पण त्याहून जास्त, ती घेताना फसायचं नसतं. मामा कित्येक वर्षं आपला पहिला डिजिटल कॅमेरा घेताहेत. "घेणार आहात ना?" असं विचारलेलं त्यांना खपत नाही. "घेतोच आहे. अभ्यास चालू आहे," म्हणतात.

अट एकच: टिकाऊ हवा. सहलीला न्यायचा आहे. चंद्रप्रभा अभयारण्यातले राजदरी आणि देवदरीचे धबधबे, चुनारचा किल्ला, गंगेपलीकडची रेती. म्हणजे पाणी, दगड आणि धूळ. तिघांशी एकदम वैर घ्यायचं तर गडी तसाच हवा.

सगळ्यांत पुढे गेला तो ऑलिंपसचा टीजी-6. पाण्याखाली 15 मीटर, 2.1 मीटरवरून पडला तरी शाबूत, अंगावर 100 किलोंचा भार आणि उणे 10 अंशांतही चालू. मामांनी हे जेवताना वाचून दाखवलं. मामी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "उणे 10 ला तो चालेल हो, पण तुम्ही चालाल का? जानेवारीत अंघोळीला पाणी उकळून लागतं तुम्हाला."

मामांचं समाधान मात्र कंपनीच्या आकड्यांवर होत नाही. अमेरिकी लष्कराची पडण्याची प्रसिद्ध चाचणी त्यांना तोंडपाठ आहे: 122 सेंटीमीटर उंची, 26 वेळा पाडायचं, आणि खाली दोन इंच जाडीचं प्लायवूड. "प्लायवूड!" मामा गल्लीत उभे राहून विचारतात, "पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर प्लायवूड कोण अंथरणार? तुम्ही?" 100 किलोंचा भार ऐकून ते हसतात. गल्लीतला सांड त्यांनी रोज पाहिलेला आहे. त्याचा एक पाय पडला की हिशेब संपला. आणि दुर्गाकुंडाच्या माकडांसाठी तर जगात कुठल्याच कारखान्यात चाचणी नाही.

एवढं करून गडी पसंत पडत आला, की सेन्सर आडवा येतो. अशा कॅमेऱ्यात धूळपाणी शिरू नये म्हणून झूमची भिंगं बाहेर येत नाहीत, पोटातल्या पोटात सरकतात. त्या अडचणीच्या जागेत सेन्सरही चिमुकलाच बसतो, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. सकाळी घाटावर समोरून ऊन येतं तेव्हा त्याचं झकास चालतं. संध्याकाळी दशाश्वमेधच्या आरतीला तो चाचपडतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा, तर तो धबधब्याखाली न्यायची छाती नाही. "एक कॅमेरा धबधब्याला, एक आरतीला," असं गोदौलियाच्या दुकानदारानं सुचवलं, तेव्हा मामा तिथून जे उठले ते पुढचे सहा महिने त्या बाजूला फिरकले नाहीत.

गंमत अशी की मामांचा सल्ला घेऊन आमच्या निम्म्या आळीनं कॅमेरे घेतले. बॅटरीचं झाकण लावताना रबरी कडेत वाळूचा कण किंवा केससुद्धा राहू द्यायचा नाही, नाहीतर 15 मीटर सोडा, बादलीतही पाणी शिरतं; नदीतून बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्यानं धुवायचा; झाकण उघडायचं ते पूर्ण कोरडा झाल्यावर. हे सगळं मामांनीच शिकवलं. लोकांचे कॅमेरे वापरून जुने झाले, काहींनी विकलेसुद्धा. "घाई केली त्यांनी," मामा म्हणतात.

स्वतः मामांनी आजवर घेतलंय ते असं: मेमरी कार्ड, भिंग पुसायचं फडकं, सिलिका जेलच्या पुड्या आणि पाण्यावर तरंगणारा एक नारिंगी पट्टा. पट्टा आला आणि मामांनी तो पारखायला घेतला. टीजी-6 चं वजन 253 ग्रॅम. वाण्याकडून त्यांनी पाव किलोचं लोखंडी माप मागून आणलं, सुतळीनं पट्ट्याला बांधलं आणि पंचगंगा घाटावरून गंगेत सोडलं. पट्टा तरंगला. मामांनी विजयी मुद्रेनं वळून पायऱ्यांवरच्या मंडळींकडे पाहिलं. तेवढ्यात पट्टा धारेला लागून राजघाटच्या दिशेनं निघाला.

एका मल्लाहानं नाव वल्हवत जाऊन तो आणून दिला. सुतळी सुटली होती. रिकामा पट्टा बघून त्याचं तोंड उतरलं. "का गुरु, कैमरा बूड़ गइल का?"

घाटावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. पंडे छत्र्यांखालून उठून आले, न्हाव्यानं वस्तरा थांबवला, कोणी डोक्याला हात लावला. इतक्या वर्षांचा अभ्यास सगळ्यांना ठाऊक होता. "अखेर घेतला होता बिचाऱ्यांनी!" शेजारच्या काकू हळहळल्या. इतकी माणसं इतक्या मायेनं जमलेली पाहून मामांना खरं सांगवेना.

"महंगा रहल होई," मल्लाह म्हणाला.

मामांनी पट्टा पिळला, घडी करून खिशात घातला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चिंता मत करो. 15 मीटर तक कुछ नहीं होगा उसको."