प्रयोजनाचा रकाना

पंढरपुरास विठ्ठलदर्शनाच्या हेतूने गेलेला आमच्याकडचा गृहस्थ परतीच्या वाटेवर मिरजेत उतरून डॉक्टरांना गुडघा दाखवितो, सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव काढतो, वेळ उरलाच तर भाचीसाठी एखादे स्थळही पाहून येतो. आणि घरी पोहोचल्यावर ‘कुठे गेला होता?’ या प्रश्नास निःशंकपणे ‘वारीला’ असे उत्तर देतो, ज्यात त्यास किंवा विचारणाऱ्यास कसलीही विसंगती भासत नाही. अशा समाजातील मनुष्यापुढे परराष्ट्राच्या वकिलातीने छापील अर्ज ठेवावा, पर्यटन, व्यापार, आप्तभेट, संस्कृती, क्रीडा, औषधोपचार अशी चौकोनांची रांग मांडावी, आणि ‘आपल्या प्रवासाचे मुख्य प्रयोजन कोणते?’ असा जाब विचारावा, हा मला मनुष्यस्वभावाविरुद्ध दाखल झालेला दावा वाटतो. आणि दिवाणी न्यायालयाच्या दफ्तरात जन्म काढल्यामुळे दावा कशास म्हणतात हे मला थोडेफार कळते.

आमचे मेहुणे कोल्हापूरजवळ शिरोलीत ओतकामाचा कारखाना चालवितात. २०२३च्या जूनमध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ‘गिफा’ हे प्रदर्शन भरणार होते. चार वर्षांतून एकदा भरणारा हा ओतकामवाल्यांचा कुंभमेळा होय, आणि ज्याच्या अंगणात भट्टी पेटते त्याने एकदा तरी तेथे जाऊन यावे, अशी मेहुण्यांची श्रद्धा. त्यांनी सांगितलेला बेत असा: गिफा पाहावयाचे, तेथून मिलानला जाऊन एका गिऱ्हाइकाकडे थकलेली बाकी मागावयाची, ॲम्स्टरडॅमला पुतणीचे बाळ पाहावयाचे, हाताशी एक मिस्त्री न्यावयाचा, म्हणजे गिऱ्हाइकाकडे एखादा नग बसत नसेल तर तो तिथल्या तिथे घासून बसवून देईल, आणि इंग्रजी बोलण्यासाठी व सोबतीसाठी दाजींना, म्हणजे मला, घेऊन जावयाचे. एका खर्चात इतकी कामे उरकणारा मनुष्य आमच्या सोयऱ्यांत व्यवहारी गणला जातो. कायद्याच्या नजरेतून पाहता मात्र व्यापारी, आप्तभेटीस निघालेला काका, पर्यटकाचा यजमान आणि परवान्यावाचून कारागीर नेणारा मुकादम अशा चार इसमांचा तो बेकायदा जमाव होता.

प्रथम मिस्त्रीचे नाव खोडावे लागले. व्यापारी व्हिसावर गेलेल्याने पाहावे, बोलावे, घासाघीस करावी, करारावर सही करावी; नोकरी वा मजुरी म्हणता येईल असे काम मात्र करू नये, त्यासाठी परवानगी निराळी, असा सर्वसाधारण दंडक आहे. हे समजावून सांगताच मेहुणे उसळले. “म्हणजे दाजी, जो हात हलवत न्हाई त्यो व्यापारी, आन् हलवंल त्याला अडवायचा!” ही व्याख्या कोणत्याही सरकारी परिपत्रकात सापडणार नाही, तथापि तिच्यात काही न्यून मला काढता आले नाही.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत अधिक तर्कशुद्ध आहे, परंतु अधिक संशयीही आहे. तेथील बी-१ या व्यापारी व्हिसावर परदेशी विक्रेत्याचा कारागीर विकलेले यंत्र बसवून देण्यास किंवा दुरुस्त करण्यास जाऊ शकतो. मात्र ती सेवा देण्याची अट मूळ विक्रीकरारात नमूद असली पाहिजे आणि कारागिराने अमेरिकेत पगार घेता कामा नये. बोल्ट पिळण्याचा अधिकार पान्यात नसून दस्तऐवजात असतो, हे कळले तेव्हा मला आपल्या नोकरीचे सार्थक झाल्यासारखे वाटले. पण त्याच देशाच्या १९५२च्या कायद्यातील कलम २१४(ब) सांगते की असा व्हिसा मागणारा प्रत्येक अर्जदार तेथे कायमचाच राहावयास निघाला आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे शाबीत करण्याचा बोजा त्याच्यावर टाकावा. मेहुण्यांनी पूर्वी कधी तो अर्ज भरला होता. आपण हेरगिरी करण्याच्या उद्देशाने येत आहात काय, नरसंहारात भाग घेतला आहे काय, असे प्रश्न एकामागून एक येऊ लागताच त्यांनी अत्यंत जिज्ञासेने विचारले होते, “ह्यात ‘हो’ म्हणून कोण लिवतंय का हो, दाजी?”

मिस्त्री गळाल्यावर प्रश्न उरला तो अर्ज कोणत्या दरबारी करावयाचा. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी, मोझेल नदीतील एका जहाजावर बसून पाच राष्ट्रांनी आपसांतील सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने उठविण्याचा करार केला. आमच्या प्रवासाच्या वेळी त्या व्यवस्थेत २७ राष्ट्रे होती. एकच व्हिसा सर्वत्र चालतो, हे खरे. पण तो मागावयाचा कोणाकडे, तर मुक्कामाच्या किंवा प्रयोजनाच्या दृष्टीने जे राष्ट्र मुख्य ठरेल त्याच्याकडे, आणि तसे ठरवता न आल्यास ज्याच्या सीमेवर प्रथम पाऊल पडेल त्याच्याकडे. मेहुण्यांनी जर्मनीत जितक्या रात्री धरल्या होत्या तितक्याच इटलीत. ‘मिलानात लॉज स्वस्त हाय, एक रात वाढवू’ असे ते सहज म्हणाले, आणि खोलीच्या भाड्यापायी संपूर्ण प्रकरणाचे अधिकारक्षेत्र आल्प्स ओलांडून जाण्याचा प्रसंग उभा राहिला. अखेर मिलानची बाकी पत्राने मागावी, बाळ पडद्यावर पाहावे, आणि जर्मनीतच राहावे असा निवाडा झाला. मेहुण्यांचे प्रयोजन व्यापार, माझे पर्यटन. एकाच विमानाने जाऊन एकाच खोलीत घोरणार असलेल्या दोन माणसांच्या फाइली तेथून विभक्त झाल्या.

त्यांच्या फाइलीत प्रदर्शनातील एका यंत्रविक्रेत्याचे निमंत्रणपत्र, कारखान्याचा नोंदणी-दाखला, आयकराची विवरणे. माझ्या फाइलीत पेन्शनची कागदपत्रे आणि कलोनचे कॅथेड्रल पाहण्याची तळमळ. दोघांनाही ३०,००० युरोंच्या विम्याची सक्ती होती. त्या विम्यात मृत्यू आल्यास देह मायदेशी आणण्याची तरतूद असते, हे वाचून दाखविताच आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या भावाकडे पाहत, जिवंतपणी वेळेवर परत आणण्याची काही सोय त्यात आहे का, एवढेच विचारले. छायाचित्र ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, तोंड मिटलेले, चेहरा भावरहित. मेहुण्यांच्या हयातीतील तोंड मिटलेले असे ते एकमेव छायाचित्र असून त्यात ते स्वतःचेच जामीनदार वाटतात. व्हिसा आला तेव्हा दोघांच्या पारपत्रांवरील प्रकाराच्या रकान्यात अक्षर एकच होते: ‘सी’.

फ्रँकफुर्टच्या खिडकीतील अंमलदाराने हेतू विचारला, तेव्हा मेहुण्यांनी ‘गिफा’ एवढा एकच शब्द उच्चारला आणि शिक्का पडला. मी मात्र गॉथिक वास्तुकलेविषयी प्रास्ताविक करू लागलो. त्याने हात वर करून ते थांबविले आणि मलाही सोडून दिले.

प्रदर्शनात मेहुणे पहिले दोन तास हात पाठीशी बांधून हिंडत होते. ‘हात हलवायचा न्हाई’ हे वचन त्यांनी अक्षरशः घेतले होते. एका दालनात साच्याची काळसर, ओलसर वाळू घमेल्यासारख्या भांड्यात मांडून ठेवली होती. तेथे मात्र वचन सुटले. त्यांनी मूठभर वाळू उचलली, आवळली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तळहातावर तसाच राहिला. मग त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांनी मधोमध मोडला, मोडलेली कड निरखली, आणि मान किंचित डावीकडे झुकवली. यंत्रामागचा जर्मन तंत्रज्ञ हे पाहत होता. त्याने दुसरी मूठ भरली, तसाच गोळा करून मोडला, आणि प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. “पाणी जरा जास्त,” मेहुणे मराठीत म्हणाले. तो कबुलीदाखल हसला. मी शेजारी उभा राहून, हे निरीक्षण, सल्ला, की विनावेतन श्रम, याचा कायदेशीर विचार करीत होतो. एकाही नियमावलीत वाळूच्या मुठीचा उल्लेख मला आठवेना. दुपारपर्यंत तर माझ्या हातात पाच विक्रेत्यांची माहितीपत्रके आली, दोघांनी मला भागीदार समजून भट्टीचे दरपत्रक समजावले, आणि कागदोपत्री पर्यटक असलेला मी सवलतीची टक्केवारी विचारू लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कलोनला गेलो, ते माझ्या प्रयोजनाच्या परिपूर्तीसाठी. कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत. रंगीत काचा, शिल्पे, कमानी यांकडे मेहुण्यांनी, सोयरिकीसाठी आलेल्या माणसाने घरातल्या तसबिरी पाहाव्यात, इतपतच पाहिले. परंतु जिना चढता चढता घंटेच्या दालनापाशी येताच ते थबकले. सेंट पीटरची ती घंटा १९२३ साली ओतलेली, वजन २४ टन. मेहुण्यांनी गजांना नाक लावून तिचा काठ पाहिला, बाक पाहिला, डोळे मिटून कसला तरी हिशेब केला. २०११च्या जानेवारीत वाजता वाजता हिचा लोलक तुटून पडला होता, ही माहिती मी पर्यटकाच्या कर्तव्यबुद्धीने पुरविली.

“लोलक घडीव असतोय, दाजी,” ते म्हणाले. “ते आपलं काम न्हवं. घंटा ओतीव. आपन बीड ओततो, हे कासं हाय. पर इचारून ठेवायला काय जातंय?”

आणि खाली उतरल्यावर, घामाने भिजलेल्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी आपले कार्ड काढून तिकीट देणाऱ्या बाईंपुढे ठेवले, व घंटेला काही झाल्यास शिरोलीस कळवावे, हे तिला इंग्रजीत सांगण्याची मला आज्ञा केली. कंत्राटाची बोलणी करण्यास व्यापारी व्हिसावर हरकत नाही. ती लवून जर्मन भाषेत ‘डांके’ म्हणाली, आणि मेहुण्यांनी मला हळूच विचारले, “किती टन म्हनाली?”