इतर चौकशीसाठी शून्य दाबा

ज्या मार्गदर्शिकेत विचारणाऱ्यालाच आधी प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावरून पुढची पायरी उघडते, तिला संवादी मार्गदर्शिका म्हणतात. अशा चार-पाच मार्गदर्शिका एकाच दारापाशी आणून बसवल्या, की त्या दाराला केंद्रीय मेनू हे भारदस्त नाव प्राप्त होते. या मेनूची मांडणी बहुधा विचारणाऱ्याच्या दुखण्यावरून नव्हे, तर कार्यालयातल्या टेबलांवरून ठरते. त्यामुळे पोटात कळ आलेल्या माणसाला आपली कळ कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येते याचा निर्णय आधी करावा लागतो, आणि तो चुकला की नऊ दाबून पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. तंत्रज्ञ याला सोय म्हणतात; सापशिडी खेळणारी मुले त्याला वेगळ्या नावाने ओळखतात.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने असाच मेनू विजेवाचून, आणि पुष्कळदा अक्षरावाचूनही, चालवून दाखवला. गावाने निवडलेली, अनेकदा निरक्षर असलेली बाई जामखेडला येऊन शिके आणि गावी परतून आरोग्यसेविका होई. बाळंतपण, हगवण, क्षय, कुष्ठरोग ही सरकारी दप्तरात वेगवेगळ्या कपाटांत राहणारी, एकमेकांशी बोलचाल नसलेली मंडळी तिच्या ओसरीवर एका सतरंजीवर बसत. 1979 साली दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेनू रचणाऱ्यांनी मात्र त्याची दखल घेतल्याचे दिसत नाही.

हगवणीचे उदाहरण घेतल्यास रचना स्पष्ट होते. पोराचे डोळे खोल गेले आहेत काय, आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती चटकन सपाट होते की तशीच उभी राहते, हे दोन प्रश्न झाले की वाटेला फाटा फुटतो: कातडी उभी राहिली तर पोर तडक दवाखान्यात न्यायचे, चटकन बसली तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचे. ते आधी स्वतः चाखायचे, आणि अश्रूंहून खारट लागले तर ओतून देऊन पुन्हा पहिल्या पायरीवर यायचे. येथे परतण्याला निदान कारण तरी असते, आणि मध्ये सनई वाजत नाही.

प्रत्येक मेनूच्या तळाशी ‘इतर’ नावाचा एक पर्याय असतो, व शास्त्रीय दृष्ट्या तोच सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण माणसाचे खरे काम बहुधा त्यातच मोडते. यंत्राकडे त्यासाठी शून्याचा अंक राखीव असतो. ओसरीवर तशी तरतूद नसते, गुडघे दुखतात म्हणून आलेली बाई अर्धा तास गुडघ्यांवर बोलते, चहा संपवते, निरोप घेते, आणि उंबऱ्यावर थबकून, पदर सारखा करत, आवाज उतरवून म्हणते, “मावशी, अजून एक इचारायचं व्हतं.”